सणाचे ताट : कोकणच्या इतिहासाचे एक पान

पालघर जिल्ह्यात डहाणूच्या दक्षिणेस चिंचणी नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. विसाव्या शतकात या गावी काही जुने ताम्रपट सापडले. त्यांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. त्या वेळी या भागावर राष्ट्रकूट घराण्यातील तिसरा इंद्र याचे राज्य होते आणि त्याच्या वतीने संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या गुजरातच्या सीमेवरील संजाणच्या परिसराचा, कारभार एक अधिकारी पाहत होता. ताम्रपटात त्याला ‘ताजिक’ म्हटले आहे. त्या काळी हा शब्द अरबांसाठी वापरीत. त्याचे नाव संस्कृत लेखात ‘मधुमती’ असे आले आहे. हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप होय, असे अभ्यासकांचे मत आहे.

या मुहम्मदाने काय केले? ताम्रपट सांगतो, त्याने लोकांसाठी दोन ठिकाणी फुकट तरीची सोय केली आणि संयान येथे एक अन्नछत्र उघडले. त्या अन्नछत्रात तांदळाचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळत असे. याच ताम्रपटात भगवती देवीच्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. मठाची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि काही विद्वानांचे भोजन, यांसाठी ते दान होते.

आपल्या किनाऱ्यावर अकराशे वर्षांपूर्वी एक मुसलमान अधिकारी येणाऱ्या-जाणाऱ्यांना भात, कालवण, तूप वाढीत होता आणि शेजाऱ्याच्या देवीचा नैवेद्य चालू राहावा म्हणून दानपत्र करून देत होता. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आपण लढाया आणि सनावळ्या पाठ करतो. हे पान मात्र सहसा आपल्या वाचनात येत नाही. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने तेच पान उघडावे आणि त्याच्या आधाराने आपल्या घरातील सणाच्या ताटाकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एकच कोठार

या ताम्रपटाच्या काळातच बगदादचा प्रसिद्ध इतिहासकार अल्-मसूदी कोकणात आला होता. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६ च्या सुमारास, त्याने चौल बंदर पाहिले. अरब लोक या बंदराला ‘सैमूर’ म्हणत. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा गावांहून आलेली ही माणसे होती; आणि पुष्कळजण तर इथेच जन्मलेले होते. त्यांनी या भूमीत घरे केली, इथली भाषा उचलली.

भाषा उचलली तशी भाकरीही उचलावी लागली. कोकणची जमीन भाताची. डोंगरउतारावर नाचणी-वरी, खाचरात भात, परसात नारळ-फणस-शेवगा, कुंपणाला रातांबा आणि समोर खाडी. अरबस्तानातून आलेल्या माणसाला रोटीची कितीही आठवण आली, तरी गहू येथे पिकत नव्हता. कोकणच्या थोडे खाली, होनावरला, चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाला हाच अनुभव आला. तेथील सुलतानाकडे अकरा महिने राहिलो आणि त्या काळात रोटी तोंडाला लागली नाही, सारे जेवण भाताचे, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे सिलोन, मालदीव, मलबार या मुलखांत तर भात खाऊन खाऊन तो इतका कंटाळला की घास पाण्याबरोबर गिळावा लागे! त्याच होनावरच्या सुलतानाच्या जेवणाचे वर्णनही त्याने केले आहे. आधी भात आणि त्यावर तूप. सोबत मिरीचे, आल्याचे, लिंबाचे आणि आंब्याचे लोणचे. मग कोंबडी, मासे, भाज्या. आणि शेवटी ताक. हे ताट मुसलमान सुलतानाचे होते, पण त्यातील मांसमच्छी सोडली तर तेच ताट शेजारच्या ब्राह्मणाच्या घरीही वाढलेले दिसले असते.

आपल्या संस्थेच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. याच होनावरात मुलींच्या तेरा शाळा आणि मुलांच्या तेवीस शाळा पाहिल्या आणि असे इतरत्र कोठेही पाहिले नाही, असे इब्न बतूता सांगतो. पोटभर अन्न आणि मुलींची शाळा, या दोन गोष्टींची नोंद एकाच प्रवाशाने एकाच गावाबद्दल करावी, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

तर कोठार एकच होते. धर्म वेगळे, प्रार्थना वेगळ्या, पण कणगीतला तांदूळ आणि शिंकाळ्यातला नारळ तोच. म्हणून पदार्थही एकमेकांचे भाऊबंद झाले. सांदणाचेच उदाहरण घ्या. कोकणातील हिंदूंच्या घरी फणसाचा रस घालून वाफवलेली सांदणे होतात. आपल्या कोकणी मुसलमानांच्या घरी नारळाच्या दुधातील गोड सांदण सणासुदीला व लग्नकार्यात केले जाते. गोव्याच्या ख्रिस्ती घरात तांदळाचे पीठ माडीने आंबवून ‘सान्नां’ करतात. तीन धर्म, तीन चवी. पण तांदूळ वाफवण्याची रीत तीच, आणि नावेही अगदी जवळजवळची.

मलिद्याची गोष्ट याहून मनोरंजक आहे. मलिदा हा शब्द फारसी. आपल्याकडे उरुसाला दर्ग्यावर जो मलिदा होतो तो गव्हाच्या चपात्या कुस्करून, तूप आणि गूळ घालून केलेला. अलिबागच्या परिसरातील बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, ज्यांना तेलाच्या घाण्यांमुळे आणि शनिवारच्या विश्रांतीमुळे लोक ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांच्याकडेही मलिदा आहे. पण तो गोड पोह्यांचा, ओल्या खोबऱ्याचा, वर फळे आणि सुका मेवा. पैगंबर एलियाहू यांच्या नावाने, नवस फेडताना आणि मंगल प्रसंगी, ते तो करतात. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. पण मलिदा त्यांनी सोबत नेला आणि तो आजही तेथे होतो. दर्ग्यावरचा शब्द आणि कोकणातले पोहे एका यहुदी ताटात कसे भेटले, याचे उत्तर कोणा राजाच्या बखरीत सापडणार नाही. ते शेजारपणात आहे.

ताटातील परदेशी पाहुणे

आपण ज्याला आपले म्हणतो ते सारे मुळात आपलेच असते असे नाही. दिवाळीच्या फराळातील शंकरपाळी घ्या. हा शब्द ‘शकरपारा’पासून आला असे मानतात. फारसीत शकर म्हणजे साखर आणि पारा म्हणजे तुकडा. संक्रांतीला नव्या सुनेच्या आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर जे हलव्याचे दागिने घालतात, त्यातील ‘हलवा’ शब्द अरबी. जिलबीचे मूळ अरबी ‘झुलाबिया’. बर्फीतला ‘बर्फ’ फारसी. सत्यनारायणाच्या प्रसादात पडणारे बदाम, पिस्ता, बेदाणा ही सारी नावे फारसी. शब्द असे घरात शिरले आणि देवघरापर्यंत गेले. त्यांना कोणी परतवून लावले नाही.

आणि व्यवहार एकतर्फी नव्हता. साखर हा शब्द पाहा. संस्कृत ‘शर्करा’पासून फारसीत शकर झाले, अरबीत सुक्कर झाले आणि तेथून तो युरोपभर पसरला. आपल्या ईदचा शिरखुर्मा म्हणजे फारसीत दूध आणि खजूर. नाव इराणी आहे, खजूर आखातातून आला. पण त्यातील शेवया इथल्या अंगणात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वळलेल्या. त्याच शेवयांची खीर हिंदूंच्या लग्नात होते. एका खाटेवर बसून दोन घरच्या बायका शेवया वळीत. त्यातल्या अर्ध्या लग्नाच्या रुखवतात जात आणि अर्ध्या ईदेच्या पातेल्यात.

खिचडीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. इब्न बतूताने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाण्याची हिंदुस्थानची रीत लिहिली आहे. अकबराच्या दरबारातील अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त खिचडीचे प्रमाण दिले आहे : तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी पाच शेर! ती मांसाविना केलेल्या पदार्थांच्या वर्गात येते. आपल्याकडे मोहरममध्ये वाटला जाणारा खिचडा गहू, डाळी आणि मांस यांचा. नावात भाऊ, पण अंगापिंडाने निराळा.

सर्वांत मोठे आश्चर्य उपवासाच्या ताटात आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी आठवा. त्यात साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला. आज तो तामिळनाडूत सेलमच्या भागात पिकतो आणि तेथेच त्याचा साबुदाणा होतो. बटाटा आणि शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतले, मिरचीही अमेरिकेचीच. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यापूर्वी या चारांपैकी एकही वस्तू आपल्या देशात नव्हती. ‘बटाटा’, ‘काजू’, ‘पपई’, ‘अननस’, ‘पाव’ हे शब्दच पोर्तुगीजांनी आपल्या हाती ठेवले. कोकणचा अभिमान जो हापूस, त्याचे नावसुद्धा ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावावरून आले. मिरची येण्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी होती. मिरीवरूनच मिरचीचे नाव पडले.

म्हणजे सर्वांत पवित्र मानलेल्या उपवासाच्या ताटात सर्वांत दूरचे पाहुणे बसले आहेत. आणि याच उपवासाला चालणारा खजूर आपण रोजा सोडताना प्रथम तोंडात घालतो. अन्न शुद्ध कोणते आणि परके कोणते, याविषयी आवाज चढवून बोलणाऱ्याने आधी आपले ताट नीट पाहावे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

शिध्याची रीत

इथवर वाचून कोणाला वाटेल की सारे कसे गोडीगुलाबीचे होते. तसे नव्हते. पदार्थ सहज प्रवास करतात. माणसाला उंबरा ओलांडणे अवघड जाते. त्या उंबऱ्यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी कशी वाट काढली, ते मी माझ्या लहानपणी पाहिले आहे.

आमचे गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, खाडीच्या काठी. घराच्या एका अंगाला कुळवाड्यांची घरे आणि दुसऱ्या अंगाला एक शाकाहारी कुटुंब. ईदेच्या सकाळी नमाज झाली की कुळवाड्यांकडे शिजवलेला शिरखुर्मा जात असे. शाकाहारी घरी मात्र आई शिधा पाठवीत असे. स्वच्छ घासलेल्या तांब्याच्या भांड्यात कोरड्या शेवया, साखर, खारका, चारोळी. शेजारच्या काकू त्याची आपल्या चुलीवर खीर करीत, आधी देवाला नैवेद्य दाखवीत आणि मग मुलांना वाढीत. माझी आई याला अपमान समजत नसे. ‘त्यांच्या घरची रीत आहे,’ एवढेच ती म्हणे.

गणपतीत याच्या उलट घडे. आमच्या घरी देवाला दाखविलेला नैवेद्य खात नसत. काकूंना हे ठाऊक होते. म्हणून पहिल्या घाण्यातील पाच-सात मोदक त्या नैवेद्याआधीच बाजूला काढून ठेवीत आणि ‘हे अगोदरचे आहेत हो, भाभी,’ असे सांगून हातात देत. आमच्या घरची अट त्यांच्या स्वयंपाकघरात पाळली जात असे, आणि त्यांच्या घरची आमच्या. कोणी कोणाचा धर्म सोडला नाही, कोणी कोणाला सोडायला सांगितला नाही.

आणि एक नियम दोन्ही घरांत सारखा होता. आलेले भांडे रिकामे परत पाठवायचे नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर, दोन कोकमे, परसातल्या चार शेवग्याच्या शेंगा. पण रिकामे नाही. असे ते एक तांब्याचे भांडे माझ्या सबंध बालपणात त्या दोन घरांमध्ये ये-जा करीत होते. ते मुळात कोणाचे, हेदेखील आम्ही मुले विसरून गेलो होतो.

पंगतीचा प्रश्न

पण या रीतीलाही मर्यादा होत्या आणि त्या लपविणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिधा दिला-घेतला जाई, पण एका पंगतीला बसणे नव्हते. इंग्रजी अमदानीत रेल्वेच्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे ओरडून विकले जाई. आणि गावाबाहेरच्या वस्तीत राहणाऱ्यांच्या वाट्याला तर तेवढेही नव्हते. त्यांच्याकडे सणाचे उरलेसुरले जाई. त्यांच्याकडचे ताट कोणी घेत नसे. या पापात आपण मुसलमान अगदीच नव्हतो असे म्हणवत नाही. बिरादरीचा ताठा आपल्या दस्तरखानावरही बसलेला असे.

महाडचे चवदार तळे याची साक्ष आहे. त्या तळ्याचे पाणी मुसलमान भरीत, ख्रिस्ती भरीत. पण अस्पृश्य मानलेल्या हिंदूंना ते बंद होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना. शेवटी ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. आपल्या समाजाने अभिमान बाळगावा असे हे पान आहे; मात्र त्याबरोबरच, त्या तळ्यावर इतकी वर्षे पाणी भरताना आपण शेजारी उभ्या असलेल्या तहानेल्या माणसाकडे पाहिले होते का, हा प्रश्नही स्वतःस विचारावा.

पंगतीचा हा प्रश्न सुटला तो मुख्यतः शिक्षणसंस्थांच्या अंगणात. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास साहाय्य केले. १९०६ मध्ये कोल्हापुरात मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था स्थापन झाली तिचे अध्यक्षपदही महाराजांनी स्वतःकडे घेतले. त्या काळात प्रत्येक समाजाचे वसतिगृह वेगळे आणि म्हणून चूलही वेगळी होती. पहिली गरज मुलाला शहरात राहायला जागा मिळण्याची होती, आणि ती त्यातून भागली.

त्या वसतिगृहांपैकी एकात भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला तो जाऊन आला आणि परतल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवणघरात यायचे नाही, असे त्यास बजावण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हेच पुढे कर्मवीर भाऊराव झाले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, आपल्या हातांनी स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवीत. मुलांच्या पोटाला कमी पडू लागले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा, विकायला दिले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे नामकरण झाले. जेवणघराच्या दारात झालेला अपमान त्या विद्यार्थ्याने असा फेडला!

या दोन पिढ्यांकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. मिरची आणि हलवा शतकानुशतके आपोआप घरात आले. पंगत आपोआप झाली नाही. तिच्यासाठी कोणाला तरी वसतिगृह सोडावे लागले, कोणाला तरी मंगळसूत्र विकावे लागले.

रिकामे भांडे

आता पुन्हा माझ्या गावाकडे वळतो. १९९२ च्या डिसेंबरात अयोध्येस मशीद पाडली गेली आणि डिसेंबर-जानेवारीत मुंबई पेटली. आमच्या गावात काही घडले नाही. पण गावातील घराघरातले कोणी ना कोणी मुंबईस होते. तेव्हा भीती मात्र एस.टी.ने रोज येत होती. जानेवारीत संक्रांत आली ती दंगलीच्या ऐन दिवसांत. त्या वर्षी काकूंच्या घरून तिळगूळ आला नाही. एवढ्या वर्षांत प्रथमच. आई काही बोलली नाही.

मार्चमध्ये पाडवा झाला आणि त्यामागोमाग ईद आली. येथे थोडे थांबून हे दोन सण कधी कधी शेजारी का येतात, ते विद्यार्थ्यांना सांगतो. आपल्याकडच्या हिंदू पंचांगात अमावास्या संपली की नवा महिना लागतो. आपला हिजरी महिना अमावास्येनंतरची कोर दिसली की लागतो. दोहोंचा महिना चंद्राचाच, अंतर एक-दोन दिवसांचे. फरक एवढाच की पंचांगात काही वर्षांनी अधिक महिना धरून सण ऋतूशी जुळवून घेतात. हिजरी वर्षात तसे नाही, म्हणून आपले सण दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतात आणि साधारण ३२-३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. १९९३ मध्ये शव्वाल आणि चैत्र असे बरोबर आले होते. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला, तर २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला आली, हे पुष्कळांना आठवत असेल. एकाच चंद्राकडे पाहून दोन घरे आपापला सण ठरवितात.

तर १९९३ ची ती ईद. शिरखुर्मा झाला, कुळवाड्यांकडे गेला. शिध्याच्या शेवया आईने काढल्या आणि तशाच ओट्यावर ठेवल्या. पाठवाव्या की नाही, तिचे मन घेईना. आपण पाठवायचे आणि दार उघडले नाही तर? दहाच्या सुमारास मागल्या दारी हाक आली. काकू उभ्या होत्या. वय सत्तरीला आलेले. हातात तेच तांब्याचे भांडे, आणि रिकामे.

‘भाभी,’ त्या म्हणाल्या, ‘संक्रांतीला आमच्याकडून आले नाही. मुले नको म्हणाली आणि मी ऐकले. चूक माझी. आज भांडे रिकामेच आणले आहे. भरून द्या.’

आईने भांडे भरून दिले. दोघी चुलीपाशी बराच वेळ बसल्या. आम्हा कोणाला आत जाऊ दिले नाही. काकू आज नाहीत, आईही नाही. पण भांडे रिकामे न पाठविण्याचा नियम आयुष्यभर पाळलेल्या बाईने तो त्या दिवशी मुद्दाम मोडला, कारण भरून पाठविण्याची संधी समोरच्या घरास द्यायची होती. एवढे शहाणपण मी कोणत्याही ग्रंथालयात मिळविले नाही.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

आज आपली मुले शहरात, गाळ्यांच्या इमारतींत, आखाती देशांत वाढत आहेत. शेवया पुडक्यातून येतात, फराळ दुकानातून येतो. त्यात वाईट काही नाही. स्त्रियांचे कष्ट वाचले. पण भांड्याची ये-जा थांबली आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलाच्या डब्यात काय आहे हे पाहण्याऐवजी आपला डबा झाकणाच्या आड धरून खाणारे मूल मी पाहिले आहे, आणि त्यात आपली मुले आहेत तशी इतरांचीही आहेत. मुलाला आपल्या घरच्या अन्नाची लाज वाटू लागली किंवा दुसऱ्याच्या अन्नाची किळस वाटू लागली, तर त्याचे गुण कितीही चांगले असोत, त्याच्या शिक्षणात कोठेतरी उणीव राहिली असे समजावे.

विद्यार्थी-मित्रांनो, तुम्हांला एक छोटासा अभ्यास सुचवितो. घरातील वडील मंडळींना, विशेषतः आजीला, विचारा : आपल्या सणाचे पदार्थ कोणते, त्यातील कोणती वस्तू परसातली, कोणती बाजारची, कोणाच्या घरी पाठवीत आणि कोणाकडून येत. उत्तरे वहीत लिहून ठेवा. पुढील पिढीला आपल्या गावचा इतिहास याच वह्यांतून कळेल. आणि पालकांना विनंती अशी की येत्या सणाला निदान एका घरी भांडे पाठवा. ज्यांना पाठवाल त्यांच्या घरची रीत आधी विचारून घ्या. शिजवलेले चालत नसेल तर शिधा द्या, मांस चालत नसेल तर फळे द्या. आणि ज्या घराशी कधी भांड्याचा व्यवहार झालाच नाही, त्या घरापासून आरंभ केलात तर अधिक चांगले.

संयानच्या त्या अन्नछत्रात कोण कोण जेवले याची नोंद ताम्रपटाने ठेवलेली नाही. भात, कालवण आणि तूप मिळे, एवढेच त्याने लिहून ठेवले. अकराशे वर्षांनी तेवढेच वाचूनही त्या मुहम्मदाबद्दल आपल्या मनात आदर उत्पन्न होतो.